बाभळीच्या वळणावरचा ब्रेक

पोह्यांची बशी हातात घेऊन धन्यकुमार उठला आणि मामाच्या डाव्या बाजूची खुर्ची सोडून उजव्या बाजूच्या खुर्चीत जाऊन बसला. बसल्यावर त्यानं आधीचंच वाक्य पुन्हा, तितक्याच हळू आवाजात सांगितलं, "टायर गार होते, मामा. माझीच चूक झाली."

या वेळी मामाला ऐकू गेलं. "गार होते म्हणे," असं म्हणून त्यानं लिंबाची फोड पोह्यांवर अशी पिळली, की बी उडून पाहुण्यांच्या चहात पडली. धन्यकुमारच्या वडिलांनी ती चमच्यानं मुकाट बाहेर काढली.

मी चहाचा रिकामा ट्रे धरून दारातच थबकले. कारण त्या खुर्चीबदलात काय होतं ते त्या खोलीत फक्त आईला आणि मला कळण्यासारखं होतं, आणि आई पाहुण्यांना वाढण्यात गुंतली होती. मामाला डाव्या कानानं अजिबात ऐकू येत नाही, हे आमच्या घराबाहेर कुणालाच माहीत नव्हतं. लहानपणी विहिरीत उलटा सूर मारताना कान फुटला आणि तो कायमचाच गेला. पण मामानं ते असं काही लपवलं, की फौंड्रीत वीस वर्षं शेजारच्या टेबलावर बसणाऱ्यालाही पत्ता नव्हता. कुठंही गेला की मामा भिंतीकडची, डावीकडची टोकाची जागा धरायचा. माणसं उजव्या अंगाला आली की झालं. त्या दिवशी पाहुण्यांच्या गर्दीत त्याची जागा हुकली, आणि या परक्या मुलानं ती गोष्ट बसल्या जागी ओळखून दुरुस्त केली.

कसं ओळखलं यानं? माझ्या डोक्यात तो किडा शिरला तो तिथंच.

या गोष्टीला आता अठरा वर्षं होतील. मला बघायला आलेला धन्यकुमार हा पाचवा. मध्यस्थांनी सांगितलं होतं, मुलगा मेकॅनिकल इंजिनियर, इचलकरंजी रस्त्याला स्वतःचं वर्कशॉप, घरचे सरळ, आपल्यातलेच. शर्यतीत गाड्या पळवतो हे मात्र मध्यस्थांनी दडवलं होतं, आणि धन्यकुमार चौगुले आमच्यात गल्लोगल्ली सापडतात. त्यामुळं मामा दारात पाहुण्यांचं स्वागत करायला हसत गेला आणि मुलाचं तोंड बघून त्याचं हसू तसंच ओठांवर वाळलं.

"हा?" मामानं स्वयंपाकघरात येऊन आईचा हात धरला. "आक्का, हा ब्रेक्या आहे!"

"हळू बोल. कोण ब्रेक्या?"

"माळावरच्या ट्रॅकवरचा. रणजितला पाडलं ते ह्यानंच."

आईला यातलं ओ की ठो कळलं नाही. तिनं मामाच्या हातात लिंबाच्या फोडींची वाटी दिली आणि त्याला बाहेर ढकललं.

मला मात्र सगळं कळलं. वडील गेल्यावर आम्हा दोघींना मामानं सांभाळलं, आणि मला सांभाळण्याची त्याची पद्धत म्हणजे दर रेसला मला बरोबर नेणं. कागलच्या पुढं वाघजाईच्या माळावर तो छोटा ट्रॅक होता. मामा तिथं हौसेनं झेंडा धरायचं काम करायचा. पुढं अपघात झाला, कुणाची गाडी आडवी पडली, की वळणावरच्या माणसानं पिवळा झेंडा हलवून मागच्यांना सावध करायचं, आणि ट्रॅकवर पडलेलं काही असेल तर मधल्या वेळात उचलायचं. मामाचं वळण ठरलेलं होतं. तिथं एक बाभूळ होती, म्हणून बाभळीचं वळण. मामा, म्हणजे भूपाल मगदूम, आणि बाभळीचं वळण ही जोडी माळावरच्या सगळ्यांना ठाऊक होती.

रेस संपली की लोक कप बघायला पळायचे आणि मामा टायर बघायला. "इंजिन कुणीही चांगलं लावतं. ड्रायव्हर कसा आहे ते टायर सांगतो," हे त्याचं ठाम मत. टायरवरून बोट फिरवून तो माणसांचे स्वभाव सांगायचा. पहिल्या फेऱ्यांतच टायर जाळून बसणारा ड्रायव्हर म्हणजे वरणभातावरच पोट भरून घेणारा, श्रीखंड येईस्तोवर गार. हरल्यावर टायरला शिव्या देणारा दिसला की म्हणायचा, "नाचता येईना, अंगण वाकडं." आणि रणजित इंगवलेचे टायर बघितले की मामाच्या तोंडाला पाणीच सुटायचं. सगळीकडून सारखे झिजलेले, कुठं ओरखडा नाही. रणजित म्हणजे त्याचा देव. रणजितनं कुणाला घासलं तर ते धाडस, आणि दुसऱ्यानं रणजितला घासलं तर तो गुन्हा. आपला तो बाब्या, दुसऱ्याचं ते कार्टं!

आणि सगळ्यांत मोठं कार्टं म्हणजे धन्यकुमार चौगुले. आदल्याच्या आदल्या हंगामाच्या शेवटच्या रेसला तो पुढं होता, रणजित त्याच्या शेपटाला. दोघांपैकी जो जिंकेल त्याचा वर्षाचा कप. बाभळीच्या वळणावर धन्यकुमारनं काही कारण नसताना करकचून ब्रेक मारला. मागून येणारा रणजित त्याला चुकवायला गेला तो मातीत जाऊन उलटा फिरला. हात मोडला त्याचा. स्टँडवरून मधल्या टेकाडामुळं वळण दिसायचं नाही, आम्हाला नुसता धूर दिसला. पण मामा तिथं होता. त्यानं डोळ्यांनी पाहिलं. चौकशीत धन्यकुमार एवढंच म्हणाला, "ब्रेक चुकला." त्याचा निकाल रद्द झाला, आणि तेव्हापासून तो ट्रॅकवर आला की सगळं स्टँड ओरडायचं, "ब्रेक्याऽऽ!" त्यात माझाही आवाज असायचा.

तर असा हा माणूस आमच्या घरी कांदा नसलेले पोहे खात बसला होता, आणि मामा पाहुणचाराच्या नावाखाली त्याची उलटतपासणी घेत होता.

"मुलामुलीला जरा बोलू दे," धन्यकुमारच्या आईनं म्हटलं तशी आमची रवानगी गच्चीवर झाली. तिथं वाळत घातलेल्या सांडग्यांच्या दोन बाजूंना आम्ही उभे राहिलो. जवळून बघितला तर ब्रेक्या भलताच शांत माणूस निघाला. हाताच्या रेषांत ग्रीसचं काळं मुरलेलं. त्यानं मला विचारलं, नोकरी पुढं करायची आहे का, मी हो म्हटलं, तो म्हणाला, करायलाच पाहिजे. मग मी विचारलं.

"खाली खुर्ची का बदललीत?"

तो जरा गडबडला. "पंख्याचं वारं येत नव्हतं तिथं."

"लोडशेडिंग आहे. दुपारपासून वीज नाही."

तो हसला, कानापर्यंत लाल झाला, आणि सांडग्यांकडे बघत म्हणाला, "हे कोहळ्याचे का?"

"कोहळ्याचेच. खुर्चीचं सांगा."

"काही गोष्टी नाही विचारल्या तर बरं असतं," तो म्हणाला. चिडून नाही, विनवल्यासारखं म्हणाला.

सरळ सांगते, मला तो आवडला. खोटं बोलायला न येणारा माणूस मी तोवर जवळून बघितला नव्हता. आणि मामा म्हणत होता तेवढं वाईट काम याच माणसानं केलं असेल, तर मला ते नीट समजून घ्यायचं होतं.

पाहुणे गेले आणि मामानं निकाल दिला. "नाही."

"अरे, मुलगा चांगला आहे की," आई म्हणाली.

"आक्का, मी त्याचे टायर बघितलेत त्या दिवशी. गाडी पळत असताना चाक जाम केलं की टायर एकाच जागी घासतो, तिथं सपाट होतो. ह्याचा पुढचा टायर असा सपाट झालेला, चपातीगत. एवढा ब्रेक माणूस कधी मारतो? दुसऱ्याला पाडायचं असतं तेव्हा. जो टायर जपत नाही तो बायको काय जपणार?"

"टायरचं आणि बायकोचं काय रे?"

"सगळं तेच असतं."

मामानं नाही म्हटलं की आमच्या घरात ते नाहीच असायचं. त्यात जुलूम नव्हता. वडिलांच्या जागी तोच होता, लग्नात माझ्या पाठीशी तोच उभा राहणार होता, आणि त्याचं मन मोडून मी कुठंही सुखानं नांदले नसते. मध्यस्थांना रविवारी संध्याकाळी निरोप द्यायचा होता. म्हणजे माझ्या हातात रविवार दुपारपर्यंतचा वेळ होता.

रात्री भाजी निवडताना मी आईला विचारलं, "मामाच्या कानाचं तू कुणाला बोललीस?"

"वेडी आहेस का? त्यानं मला गळ्याची शपथ घातलीय. ट्रॅकवर कळलं तर झेंडा काढून घेतील म्हणून."

मग याला कळलं कुठून?

रविवारी रेस नव्हती. नवा हंगाम जवळ आला की मामा मोकळ्या ट्रॅकवर जाऊन आपल्या वळणाच्या कडेचे दगड लाल-पांढरे रंगवायचा. मी म्हटलं, मीही येते. त्याला वाटलं, पोरगी रुसलेली नाही, आणि तो खूश झाला. स्कूटरवर पुढं रंगाचे डबे, मागं मी.

माळावर चिटपाखरू नव्हतं. चार दगड रंगवून झाल्यावर मी म्हटलं, "मामा, त्या दिवशी नेमकं काय झालं ते दाखव ना मला. मी तेव्हा स्टँडवर होते, मला काहीच दिसलं नाही."

मामाला हे सांगायला लावणं म्हणजे भजनी बुवाला टाळ देणं. ब्रश ठेवून तो उठला.

"हे बघ. मी असा इथं, वळणाच्या बाहेरच्या अंगाला. ट्रॅककडं तोंड. गाड्या येणार टेकाडामागून, ह्या बाजूनं." त्यानं उजवा हात वर केला. हीच जागा तो दरवर्षी का मागून घेतो ते मला तेव्हा उमगलं. इथं उभं राहिलं की गाड्या त्याच्या चांगल्या कानाच्या बाजूनं येत. "तू धन्या हो. जा त्या टेकाडापाशी. तिथून चालत ये."

"आणि तुझ्या जोडीचा माणूस?"

"तो पाणी आणायला गेलेला. मी एकटाच."

मी टेकाडापाशी जाऊन उभी राहिले. "मग?"

"मग आधीच्या गाडीच्या टायरचं एक रबर मधोमध पडलेलं. हे एवढं. गोट्यांसारखं पायाखाली येतं ते, त्यावर गाडी घसरते. मी कानोसा घेतला, कुणी नाही. झेंडा बगलेत मारला, गेलो, उचललं." मामा ट्रॅकच्या मधोमध जाऊन वाकला, नसलेलं रबर उचललं. "आणि परत फिरलो. दोन पावलं टाकली तर आणखी एक तुकडा दिसला."

"मग?"

"मग तोही उचलला. तेवढ्यात आवाज आला. बघितलं तर सरळ रस्त्यावर कुणीच नाही. आणि एकदम टायर किंचाळला, धूर, हा माझ्या बाजूनं घसरत गेला, आणि रणजित मातीत! चल, ये तू. मी वाकलोय, तू ये."

मी चालू लागले. समोर मामा आपल्या जागेकडे तोंड करून वाकलेला. म्हणजे माझ्याकडं त्याची डावी बाजू. हे मला चालताना दिसत होतं, पण दिसूनही पुरतं कळत नव्हतं. दहा-बारा पावलांवर आल्यावर मी हाक मारली.

"मामा!"

मामानं मान वर केली आणि वळून उजवीकडं बघितलं. मोकळ्या, सरळ गेलेल्या रस्त्याकडं. मी नव्हते तिकडं.

"कुठं आहेस गं?" तो म्हणाला.

मी जागच्या जागी उभी राहिले. एका कानानं ऐकणाऱ्या माणसाला आवाज ऐकू येतो, पण तो कुठून येतो ते कळत नाही. त्याला सगळं जग चांगल्या कानाच्या बाजूलाच वाटतं. घरात आम्ही याला किती हसलो होतो. आई मागच्या दारातून हाक मारायची आणि मामा पुढचं दार उघडायचा.

"त्रिशला?" मामा अजून तिकडंच बघत होता. मग तो हळूहळू पूर्ण वळला आणि त्याला मी दिसले. बरोबर ट्रॅकच्या मधोमध, त्याच्यापासून दहा-बारा पावलांवर.

त्यानं माझ्याकडं बघितलं. मग आपल्या पायाखाली बघितलं. मग कडेला, आपल्या नेहमीच्या जागेकडं, जिथं तो उभा असायला हवा होता.

"मी इथं होतो," तो म्हणाला.



"जाताना गाड्यांकडं हा कान होता," त्यानं उजव्या कानाला हात लावला, "आणि येताना..." दुसरा हात वर गेला, पण कानापर्यंत पोचला नाही.

तो तिथंच ट्रॅकवर खाली बसला. मी जवळ जाऊन त्याच्या उजव्या बाजूला बसले. मला त्याची इतकी दया आली, की वाटलं, कशाला आलो आपण इथं, कशाला विचारलं.

"चोर सोडून संन्याशाला फाशी," तो शेवटी म्हणाला. "ऊठ. त्याचं वर्कशॉप कुठंय?"

"मामा, आत्ता?"

"रंगाचे डबे राहू देत इथंच."

धन्यकुमार वर्कशॉपच्या दारात कुणाच्या तरी मोटारसायकलची साखळी काढत होता. आम्हाला बघून तो साखळी हातात तशीच धरून उठला. आत बसायला दोन खुर्च्या आणि एक जुना टायर होता, वर गोणपाट टाकून बैठक केलेला. मामा सरळ टायरवर जाऊन बसला. आणि बसल्या बसल्या सवयीनं त्याचं बोट टायरच्या कडेवरून फिरायला लागलं. एका जागी ते थांबलं.

मामा उठला, गोणपाट बाजूला केलं, टायर उभा करून खिडकीच्या उजेडात धरला. गोल टायरवर तळहाताएवढा भाग तासल्यासारखा सपाट होता. आतला धागा दिसत होता.

"तोच का रे हा?"

धन्यकुमारनं माझ्याकडं पाहिलं. मी मान हलवून सांगितलं, की मी काही बोललेली नाही.

"तोच," तो म्हणाला. बोलता बोलता तो वळसा घेऊन मामाच्या उजव्या बाजूला यायला निघाला.

"थांब," मामा म्हणाला. आणि मग, मोठ्या, स्पष्ट आवाजात, त्यानं परक्या माणसासमोर आयुष्यात पहिल्यांदा ते सांगितलं. "मला ह्या कानानं ऐकू येत नाही. तुला कधी कळलं?"

"त्याच संध्याकाळी. तुम्हाला कुठं लागलं का बघायला आलो होतो वळणावर. ह्या बाजूला उभं राहून दोनदा विचारलं, तुम्ही बघितलंच नाही. मग पुढं आलो तर तुम्ही..."

"मी काय म्हटलं?"

"जाऊ दे."

"काय म्हटलं मी?"

"तोंड दाखवू नकोस म्हणालात."

मामानं टायर खाली ठेवला. "चौकशीत सांगितलं का नाहीस? कप गेला तुझा. अख्खा माळ तुला ब्रेक्या म्हणतो."

"सांगितलं असतं तर तुमचा झेंडा गेला असता," धन्यकुमार म्हणाला. "मी सकाळी सराव करायला यायचो तेव्हा तुम्ही आधीच आलेला असायचा. खराट्यानं वळण झाडत. बाकी कुठल्या वळणावर कोण झाडतं? मला वाटलं, मला दुसरी रेस मिळेल. तुम्हाला दुसरं वळण कोण देणार?"

"आणि रणजितचा हात मोडला तो?"

"त्याला दवाखान्यात जाऊन सांगितलं मी. फक्त त्याला. तो म्हणाला, गप बस मग."

म्हणजे मामाचा देवही मामासाठी गप बसला होता. मामानं तोंड फिरवून खिडकीबाहेर पाहिलं. मग त्यानं पुन्हा टायरवर हात ठेवला.

"ह्या टायरवर किती पळवलीस नंतर?"

"उरलेल्या सगळ्या फेऱ्या."

"हादरे बसले असतील."

"जेवताना घास पडायचा हातातून, दोन दिवस."

मामानं मान डोलावली. त्याच्याकडची माफी ती एवढीच, पण मागणाऱ्याला आणि देणाऱ्याला दोघांनाही ती पुरली. मग तो माझ्याकडं वळला. "आक्काला फोन लाव. म्हणावं, मुलगा पसंत आहे."

"मामा, मला विचारशील का आधी?"

"विचारतो की. पसंत आहे का?"

"आहे," मी म्हटलं, आणि धन्यकुमारच्या हातातून साखळी खाली पडली.

सोमवारी मामानं झेंडा आणि शिट्टी स्वतः नेऊन दिली आणि ट्रॅकच्या साहेबांना कारणही सांगितलं. त्यांनी ते गुपित ठेवायचं कबूल केलं. कप काही धन्यकुमारला परत मिळाला नाही, पुढंही कधी मिळाला नाही. हंगामाच्या पहिल्या रेसला, आमचं लग्न ठरलेलं असताना, मामा पहिल्यांदाच स्टँडवर तिकिटाचा प्रेक्षक म्हणून बसला. भिंतीकडची जागा रिकामी होती, पण तो मधोमध बसला. गाड्या बाहेर आल्या, आणि मागून नेहमीची आरोळी उठली, "ब्रेक्याऽऽ! ए ब्रेक्याऽऽ!"

मामानं मान वळवली. आधी चुकीच्या बाजूला, मग बरोबर. मग तो उभा राहिला आणि सगळ्या स्टँडला ऐकू जाईल एवढ्या आवाजात म्हणाला, "ओरडा की! त्यानं ब्रेक मारला म्हणून तर मी इथं तुमच्यात बसलोय!"